चक्कर, कान आणि दोनशे वर्षं

नात्यातल्या बहुतेकांच्या लेखी मी "कानाच्या मशीनवाली". लग्नकार्यात कुणी ना कुणी एखाद्या आजोबांना धरून माझ्यासमोर आणून बसवतं आणि "जरा यांचं मशीन बघ गं, शिट्टी वाजवतंय" असं सांगून स्वतः जेवायला निघून जातं. त्याचं मला काही वाईट वाटत नाही, तो आमच्या कामाचा मोठा भाग आहेच. पण मी चक्कर येणाऱ्यांनाही तपासते असं म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "कानाचा आणि चकरेचा काय संबंध?" गेल्या महिन्यात हा प्रश्न तीनदा ऐकला. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. विषय अभ्यासाचा आहे, पण घाबरू नका. फुगडीपासूनच सुरुवात करते.

लहानपणी कंधारला आमच्या अंगणात आम्ही मुली फुगडी घालायचो. जोरात फिरून एकदम थांबलं की तुळशीवृंदावन, आड, ओसरीवर बसलेली आजी, सगळं फिरायला लागायचं. माळेगावच्या जत्रेत पाळण्यातून उतरल्यावरही तेच. असं का होतं? पाण्याने भरलेलं पातेलं हातात धरून गरकन फिरवा आणि एकदम थांबवा. पातेलं थांबतं, आतलं पाणी फिरतच राहतं. आपल्या दोन्ही कानांच्या आत, कवटीच्या अगदी टणक हाडात, पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या तीन-तीन अर्धगोल नळ्या आहेत. त्या एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या असतात, त्यामुळे डोकं कुठल्याही दिशेला वळलं तरी एखाद्या नळीला ते कळतंच. त्यांच्या शेजारी दोन छोट्या पिशव्या आहेत. त्यांत चुन्याचे (म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे) बारीक खडे चिकटवलेले असतात. खाली कुठे, वर कुठे, बस सुटली की थांबली, हे त्या सांगतात. ऐकण्याचा शंख याच घराच्या दुसऱ्या खोलीत. दोघांची खबर मेंदूकडे एकाच मज्जातंतूतून जाते. झाला संबंध!

आता एक गंमत करून बघा. हे वाचता वाचता मान नाही-नाही अशी हलवा. अक्षरं वाचता येतात. मग मान स्थिर ठेवा आणि मोबाइल तेवढ्याच वेगाने हलवा. अक्षरं पुसट होतात. डोकं हललं की कान डोळ्यांना कळवतो आणि डोळे तेवढेच उलट दिशेला सरकतात. हे इतकं झटपट होतं की आपल्या गावीही नसतं. पुढची सगळी कहाणी या कान-डोळ्यांच्या नात्यावर उभी आहे, म्हणून हे ध्यानात ठेवा.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं शिकलो. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा. तोलाला त्यात जागाच नाही. जोवर काम नीट चालू आहे तोवर या इंद्रियाची आठवणही होत नाही. भाषेत मात्र शब्दांची चंगळ आहे. चक्कर, घेरी, भोवळ, गरगरणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोल जाणं. आमच्याकडची बाई तपासायला आली की म्हणते, "घर फिरूलालंय." हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण नीट ऐकलं तर त्यांत बराच फरक आहे. उठून उभं राहताना क्षणभर अंधारी येते तेव्हा बहुधा रक्तदाब खाली आलेला असतो. घर फिरतं तेव्हा कानाकडे बघावं लागतं. घर फिरत नाही, पण चालताना पाय भरकटतात, ती तिसरीच गोष्ट. आमची अर्धी तपासणी या शब्दांची निवड करण्यातच होते. यंत्राचा नंबर नंतर लागतो.

घरच्या निदानात पहिला आरोपी पित्त. आजीचं हे निदान फार जुनं आहे, माधवनिदानात 'भ्रम' नावाचा विकार पित्त, वात आणि रजोगुणाच्या खाती मांडलेला आहे. पित्तानंतर अशक्तपणा, मग "मणक्यात गॅप", मग दृष्ट, आणि आमच्या मराठवाड्यात शेवटी "कुणीतरी केलंय". यातलं काहीच पटलं नाही की एक निदान उरतं, ते मोठ्याने कुणी बोलत नाही: सोंग करते. विशेषतः नवी सून असेल तर. कारण चक्कर दुसऱ्याला दिसत नाही. ताप हाताला लागतो, गळू डोळ्यांना दिसतं, चकरेचा पुरावा मात्र फक्त तिच्याच डोक्यात. मला या अभ्यासाची गोडी लागली ती इथेच. गेल्या दोनशे वर्षांत या शास्त्रात जे काही झालं त्यातलं बरंचसं, दुसऱ्याची चक्कर आपल्याला कशी दिसेल या एका खटपटीतून झालं.

सुरुवात कबुतरांपासून. १८२४च्या सुमारास पॅरिसमध्ये फ्लुरांस नावाच्या शास्त्रज्ञाने कबुतरांच्या कानातल्या या नळ्या एकेक करून कापल्या. (प्रयोग क्रूर होता, नाकारण्यात अर्थ नाही.) तोवर या नळ्या ऐकण्याच्याच कामाच्या असणार असं लोक धरून चालले होते. पण कबुतरांना ऐकू येत राहिलं, आणि जी नळी कापली तिच्याच पातळीत त्यांची मान गरागरा फिरू लागली. आडवी नळी कापली तर आडवी, उभी कापली तर उभी. फ्लुरांसला यातून तोलाच्या इंद्रियाचा पूर्ण अर्थ लागला नाही, पण पुरावा टेबलावर येऊन पडला होता.

माणसांपर्यंत ही गोष्ट पोचायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली. चक्कर, उलट्या आणि कानात आवाज असलेला रोगी आला की त्या काळचे डॉक्टर म्हणत, मेंदूत रक्त साचलंय. उपाय काय, तर रक्त काढा, जळवा लावा, जुलाब द्या. आधीच उभं राहता न येणाऱ्या माणसाचं आणखी रक्त काढायचं! पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेत प्रॉस्पर मेनिएर हे मुख्य वैद्य होते. कानाचे रोगी रोज बघून त्यांच्या लक्षात आलं की यांतल्या कितीतरी जणांचा मेंदू ठणठणीत आहे, बिघाड आतल्या कानात आहे. जानेवारी १८६१मध्ये तिथल्या वैद्यक अकादमीपुढे त्यांनी हे मांडलं. स्वागत थंडच झालं. पुढच्याच वर्षी, १८६२ साली, ते वारले. आज त्यांच्या नावाचा आजार प्रत्येक पुस्तकात आहे, हे त्यांना बघायला मिळालं नाही.

यानंतरचा माणूस माझा आवडता. रॉबर्ट बारानी, व्हिएन्नाचे तरुण कानतज्ज्ञ. कान धुण्यासाठी पिचकारीने पाणी सोडलं की रोगी चक्कर आल्याची तक्रार करायचे आणि त्यांचे डोळे झटक्याझटक्याने एका बाजूला सरकायचे. डोळ्यांच्या या हालचालीला निस्टॅग्मस म्हणतात. हे तसं सगळ्याच कानवाल्यांनी पाहिलेलं होतं. पण एक रोगी बारानींना म्हणाला, पाणी पुरेसं गरम नसलं की मला चक्कर येते. मग त्यांनी मुद्दाम जास्त गरम पाणी वापरलं. तरी चक्कर आलीच, फक्त या वेळी डोळे उलट दिशेला सरकत होते. बारानींना न्हाणीघरातला बंब आठवला. गरम पाणी वर चढतं, गार खाली उतरतं. तसंच कानात गार-गरम पाणी सोडलं की आतल्या नळीतला द्रव हलतो, आणि बसल्या जागी असलेल्या माणसाला आपण फिरतोय असं वाटतं. म्हणजे एकेका कानाची स्वतंत्र परीक्षा घेता येते, आणि निकाल डोळ्यांत वाचता येतो! १९०६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा बारानी ऑस्ट्रियाच्या सैन्यात डॉक्टर म्हणून गेले आणि रशियनांच्या हाती सापडले. १९१४ सालचं वैद्यकाचं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा ते कैदेत होते. स्वीडनच्या राजपुत्राने रेडक्रॉसतर्फे मध्यस्थी केली आणि १९१६ साली त्यांची सुटका झाली. पुढचं आयुष्य स्वीडनमधल्या उप्साला इथे गेलं. असो, विषय पाण्याचा चालला होता. १९४२ साली लंडनच्या फिट्झगेराल्ड आणि हॉलपाइक यांनी या तपासणीला शिस्त लावली. एकदा ३० अंशांचं पाणी, एकदा ४४ अंशांचं. शरीराचं तापमान ३७, त्याच्या सात खाली आणि सात वर. आजही जगभर हेच आकडे चालतात.

मुंबईत शिकत असताना आम्ही ही तपासणी एकमेकींवर शिकलो. डोकं ३० अंश उचलून आडवं पडायचं, कानात पाणी, खोलीत अंधार, आणि उशाशी बादली. (बादली कशाला ते सांगत नाही.) पलंग जागेवर आहे हे पक्कं ठाऊक असतं, तरी दोन्ही हातांनी कडा घट्ट धरली जाते. त्या दिवसानंतर आमच्या वर्गातल्या एकीनेही "चक्करच तर आहे" असे शब्द उच्चारले नसतील.

आता महाराष्ट्रात येते. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. आधी पेनिसिलीन आणि पुढच्या दशकात स्ट्रेप्टोमायसीन तिथे तयार होऊ लागलं. स्ट्रेप्टोमायसीन १९४३ साली अमेरिकेत शॅट्झ आणि वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. क्षयावरचं ते पहिलं खरं औषध. ज्या रोगाचं नाव घेताना लोक आवाज खाली आणत, तो बरा होऊ लागला. पण दोनच वर्षांत डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही रोग्यांचा तोल जातोय. हे औषध आतल्या कानातल्या केसांसारख्या नाजूक पेशी मारतं, ऐकण्याच्या कमी आणि तोलाच्या जास्त, तेही दोन्ही कानांत. त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. १९५२ साली अशाच एका अमेरिकन डॉक्टरने स्वतःचा अनुभव न्यू इंग्लंड जर्नलमध्ये लिहिला. पुस्तक वाचायचं तर त्याला पलंगाच्या लोखंडी गजांमध्ये डोकं टेकवून धरावं लागे, कारण नाडीच्या ठोक्यानेही डोकं हलायचं आणि ओळी नाचायच्या. मघाची मोबाइलची गंमत आठवा. त्याच्यासाठी जग कायमचंच तसं झालं होतं.

आपल्याकडच्या क्षयरोग कार्यक्रमात रोग उलटलेल्या रुग्णांसाठी जो उपचारक्रम होता, त्यात पहिले दोन महिने आठवड्यातून तीनदा, म्हणजे एकूण २४ स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं असत. आमच्या आत्याने ती घेतली. सगळ्या गोळ्या, सगळी इंजेक्शनं, एकही न चुकवता. टीबी गेला, वजन भरलं, आत्या वाचली, आणि ते श्रेय त्या औषधाचंच. पण त्यानंतर ती दिवेलागणीला खंदकाच्या कडेच्या वाटेने येईनाशी झाली. लाइट गेली की जिथे असेल तिथे खाली बसायची. चालताना समोरून येणाऱ्याचं तोंड ओळखू यायचं नाही, थांबली की यायचं. डोळे तपासून झाले, चष्मा बदलला. घर फिरतंय असं ती कधीच म्हणाली नाही, त्यामुळे चकरेच्या गोळ्यांनाही जागा नव्हती. घरात हळूहळू ठरून गेलं, वय झालं, शिवाय आजारपणात लाडावली.

मी तिला तपासायला आडवं केलं तेव्हा बादली तयार ठेवली होती. उजव्या कानात गार पाणी, मग गरम. डाव्या कानात गार, मग गरम. डोळे जागचे हलले नाहीत. आत्या शांतपणे छताकडे बघत पडून होती आणि मध्येच म्हणाली, "झालं का गं?" चांगल्या माणसाला जिथे जग फिरताना दिसतं तिथे तिला काहीच झालं नाही. दोन्ही कान तोलाच्या बाबतीत मुके झाले होते. आलेख दाखवून मी तिला समजावलं तेव्हा ती बराच वेळ त्या सरळ रेषेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी सोंग करत नव्हते म्हण की."

गेलेलं परत आणता आलं नाही, पण करण्यासारखं पुष्कळ होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी व्यायाम बसवले. आधी नुसते डोळे हलवायचे, मग मान, मग चेंडू या हातातून त्या हातात झेलायचा, मग चालायचं. डोळे आणि तळपाय यांनी कानाचं काम शिकून घ्यायचं. आत्याने चेंडूऐवजी लिंबू घेतलं. शिवाय रात्रभर दिवा, हातात काठी, आणि एकटीने पाण्यात उतरायचं नाही, कारण डोकं पाण्याखाली गेलं तर वर कुठे हे तिला कळलं नसतं. पुढे २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने हा २४ इंजेक्शनांचा क्रम वापरू नये असं सांगितलं आणि आपल्याकडेही तो बंद झाला. आता क्षयाची औषधं बहुतांशी तोंडानेच घ्यायची असतात.

शेवटची गोष्ट खड्यांची. पिशवीतले ते चुन्याचे खडे कधीकधी सुटतात आणि नळीत जाऊन पडतात. मग कूस बदलली किंवा वर माळ्याकडे बघितलं की खडे घरंगळतात, द्रव हलतो आणि अर्धा-एक मिनिट घर गरागरा फिरतं. सगळ्यात जास्त आढळणारी कानाची चक्कर ती हीच. बारानींनी १९२१ साली असा रोगी नोंदवला होता. १९५२ साली मार्गारेट डिक्स आणि हॉलपाइक यांनी तिची तपासणी पक्की केली: बसलेल्या माणसाची मान ४५ अंश वळवून त्याला झटकन आडवं करायचं आणि डोळ्यांकडे बघत राहायचं. डिक्सबाई मूळच्या सर्जन व्हायच्या होत्या. युद्धातल्या हवाई हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना इजा झाली म्हणून त्या या शाखेत आल्या. उपचार सापडायला मात्र आणखी तीन दशकं गेली. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे डॉक्टर जॉन एपली म्हणाले, खडे नळीतच आहेत ना, मग डोकं क्रमाक्रमाने फिरवून ते आले तिथे परत ढकलू. १९८०मध्ये त्यांनी हे परिषदेत दाखवलं तेव्हा लोकांनी टिंगल केली. निबंध छापून आला थेट १९९२ साली. मधल्या काळात आणि नंतरही सहकाऱ्यांनी त्यांना बरंच छळलं, मेडिकल बोर्डाकडे तक्रारी झाल्या, त्यातून ते शेवटी निर्दोष सुटले. औषध नाही, यंत्र नाही, पाच मिनिटं डोकं फिरवायचं आणि बरं व्हायचं, हे लोकांना पटायला जड गेलं असावं.

पटायला आजही जड जातं. मागच्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा शेजारच्या काकू भेटायला आल्या. दोन वर्षं झाली, भिंतीला टेकून बसूनच झोपत होत्या. गळ्यात मानेचा पट्टा. पिशवीत सीटी स्कॅन, एमआरआय (सगळं नॉर्मल) आणि चकरेच्या गोळ्यांची पाकिटं. या गोळ्या दोनचार दिवसांपुरत्या ठीक असतात. महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदूला नव्याने तोल शिकायला त्याच आड येतात. मी त्यांना आमच्या दिवाणावर आडवं केलं. चारपाच सेकंदांनी डोळे गोल झटके देऊ लागले. त्यांच्या सुनेला जवळ बोलावून म्हटलं, बघ. तिने पाहिलं आणि पटकन सासूचा हात धरला. मग एपलींच्या पद्धतीने मान फिरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन, रात्री आडव्या झोपल्या म्हणून. सगळ्यांना एका खेपेत गुण येतो असं नाही, आणि खडे पुन्हा सुटूही शकतात. पण पन्नासेक किलोमीटरवर नांदेड, तिथून पुढे हैदराबाद किंवा पुणे, असा दोन वर्षांचा प्रवास एका दिवाणावर संपला असता.

आता नातेवाईक मंडळींसाठी दोन सूचना, कारण हे वाचून कुणीतरी घरी प्रयोग करणार! मानेचा किंवा पाठीचा त्रास असलेल्यांची मान स्वतःहून फिरवू नका, शिकलेल्या माणसाकडून करून घ्या. आणि प्रत्येक चक्कर कानाची नसते. बोलणं अडखळतंय, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतोय, एकाची दोन माणसं दिसताहेत, आधाराशिवाय बसता-उभं राहता येत नाही, किंवा कधी नव्हे असं डोकं ठणकतंय, तर वेळ न घालवता मोठं हॉस्पिटल गाठा. तो अर्धांगाचा झटका असू शकतो. तासन्‌तास न थांबणाऱ्या चकरेतही डोळे बघून कान की मेंदू हे बरंच ओळखता येतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डोळ्यांच्या तीन साध्या तपासण्यांनी सुरुवातीच्या तासांत एमआरआयलाही मागे टाकलं. अर्थात बघणाऱ्याला नेमकं काय बघायचं ते माहीत हवं.

बाकी घरात कुणी "चक्कर येते" म्हणालं, तर लगेच लिंबू-सरबत करायला धावू नका. आधी तिला विचारा: घर फिरतं की अंधारी येते? किती वेळ टिकतं? कूस बदलल्यावर येतं का? कानात आवाज येतो का, कमी ऐकू येतं का? कुठली इंजेक्शनं झाली होती का? उत्तरं कागदावर लिहून ठेवा आणि दवाखान्यात जाताना तो कागद सोबत न्या.

तूर्तास इतकंच. मशीनची शिट्टी का वाजते, ते पुन्हा कधीतरी.